पहिली इलेक्ट्रिक एकचाकी: ८२ किलो वजन, नागपूरचं ऊन, सिमेंटचे रस्ते. कोणती घ्यावी?

नवखा_८२
वजन ८२ किलो, उंची पाच फूट आठ. सायकल आणि गिअरची गाडी येते, एकचाकीवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पेडलवर उभं राहून झुकत चालवायच्या बॅटरीच्या चाकावर, पाय ठेवलेला नाही. वापर मिहानकडच्या एका कॅम्पसच्या आत: गेटपासून इमारतीपर्यंत अडीच किलोमीटर, तेवढंच परत. रविवारी मैदानावर चकरा. चाक दोन जिने उचलून न्यावं लागेल.
यादीत सध्या हे आहेत: इनमोशन व्ही५एफ, व्ही८एफ, किंगसाँग १४डी, १६एस आणि सस्पेन्शनवाला इनमोशन व्ही११. वेगाची हौस नाही, ताशी २०-२५ पुरे. पाचच किलोमीटर तर जायचं आहे, मग सगळ्यात छोटी बॅटरी घेऊन पैसे वाचवले तर काय बिघडलं?

सावजी_टॉर्क
बिघडतं ते इथंच. स्कूटरमध्ये बॅटरी म्हणजे किती लांब जाल. एकचाकीत बॅटरी म्हणजे उभे राहाल की तोंडावर पडाल. तुम्ही पुढे झुकता तेव्हा मोटर चाक पुढे पळवून तुमच्या खाली आणते, म्हणून तोल राहतो. ज्या क्षणी मोटरला हवी तेवढी वीज मिळत नाही, त्या क्षणी चाक मागे राहतं आणि तुम्ही पुढे जाता. यालाच कटआऊट किंवा ओव्हरलीन म्हणतात. ब्रेक सोडून सावरायची सोय यात नाही.

आता हिशेब. व्ही८एफची बॅटरी ५१८ वॉट-अवर, पूर्ण भरल्यावर ८४ व्होल्ट. म्हणजे २० सेल एकामागे एक आणि अशा फक्त दोन ओळी. अर्धी बॅटरी असताना एका सेलला ३.६ धरा, एकूण ७२ व्होल्ट. ८२ किलोचा माणूस चढावर किंवा खड्ड्यातून बाहेर येताना क्षणभर २००० वॉट सहज मागतो. म्हणजे साधारण २८ अँपिअर, दोन ओळींत वाटून सेलमागे १४. सेलचा अंतर्गत रोध ०.०४ ओहम धरला तर प्रत्येक सेल अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त बसतो आणि पूर्ण पॅक ११ व्होल्ट खाली येतो: ७२ चे ६१. अशाच २० सेलच्या चार ओळी असत्या तर सेलमागे ७ अँपिअर आणि घसरण साडेपाच व्होल्ट. पॅक जुना झाला की रोध वाढतो, तेव्हा हे आकडे आणखी वाईट होतात.

आणि व्होल्टेजच चाकाचा कमाल वेग ठरवतं. एखादं चाक ८४ व्होल्टला हवेत उचलून ताशी ६० ने फिरत असेल, तर ६८ व्होल्टला ते ४८ च्या वर फिरूच शकत नाही. जमिनीवर माणूस उभा असताना तर त्याच्याही बरंच आधी जोर संपतो. म्हणून सकाळी भरलेल्या बॅटरीवर जो वेग सुरक्षित होता, तोच संध्याकाळी २५ टक्क्यांवर नसतो.

तुमच्या यादीतून व्ही५एफ (३२० वॉट-अवर) आणि १४डी (४२० वॉट-अवर, १४ इंची चाक) मी सरळ काढून टाकीन. ५५ किलोच्या माणसाला १४डी झकास. ८२ ला नाही.

बर्डीकर
चाक निवडायच्या आधी एक सांगून ठेवतो, कारण दर वेळी हा मुद्दा शेवटी येतो आणि तोवर ऑर्डर गेलेली असते. विना-नोंदणी, विना-परवाना चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांना जी सूट आहे ती २५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ पेक्षा कमी वेग असलेल्यांना, आणि तीही मान्यताप्राप्त संस्थेकडून, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या, मॉडेल तपासून मंजूर झालेलं असेल तर. इथं चर्चेत असलेलं प्रत्येक चाक ५०० वॉटच्या वर आहे. चाकाच्या ॲपमध्ये वेग २५ ला बांधला म्हणून मोटर २५० वॉटची होत नाही.
म्हणजे वर्धा रोड, बर्डीचा उड्डाणपूल, फुटाळ्याचा काठ, सगळं बाद. कॅम्पसच्या आत चालवायचं तर सुरक्षा विभागाची लेखी परवानगी घ्या. तोंडी 'चालते ना भाऊ' वर विसंबू नका. धडक झाली तर भरपाई खिशातूनच, कारण अशा चाकाला वाहन विमा नाही.

नवखा_८२
परवानगीचं विचारलं आहे, आतल्या रस्त्यांपुरती मिळेल असं दिसतं.
पण मग व्ही११ काहून नाही? बॅटरी १४२० वॉट-अवर, वर सस्पेन्शन. आतले रस्ते सिमेंटचे आहेत आणि कडेच्या गट्टूंपाशी (पेव्हर ब्लॉक) चांगलीच पायरी पडली आहे.

काळी_माती
२७ किलो, म्हणून. दोन जिने. सिमेंटची अर्ध्याहून जास्त गोणी झाली ती. शिकताना ते चाक तीस-चाळीस वेळा आडवं पडणार आणि दर वेळी वाकून उभं करायचं. नडगीवर आदळतं तेव्हाही वजन लक्षात राहतं.

दुसरं, सस्पेन्शन खड्ड्याचा धक्का खातं. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्याचं दुखणं वेगळंच आहे:

सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधला उभा सांधा, म्हणजे तुमच्या दिशेनेच पळणारी फट. २.१२५ इंची टायर ५४ मिलिमीटर रुंद असतो, फटीत पूर्ण जात नाही, पण कड टायरला बाजूला ढकलते आणि चाक स्वतःच दिशा घेतं. नवखा माणूस याला घाबरून खाली बघतो आणि पडतो. सांधा ओलांडायचा तर जमेल तितक्या काटकोनात, रेंगाळत नाही.

सिमेंट आणि गट्टूंमधली पायरी. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत गुडघे वाकवून, सरळ समोरून, ताशी १२-१५ ने निघून जाते. चार-पाच सेंटिमीटर असेल तर उतरा. तिरकं चढायला गेलात तर टायर कडेला घासत राहतो आणि तुम्ही बाजूला. हे व्ही११ लाही चुकत नाही.

इथं सस्पेन्शनपेक्षा रुंद टायर जास्त कामाचा. किंगसाँग १६एक्सला तीन इंची टायर आहे, १५५४ वॉट-अवरचा पॅक आहे, पण तेही २४ किलोच्या घरात. पुन्हा जिने आले.
माझं मत १६एस: १६ इंची चाक, १२०० वॉट मोटर, ८४० वॉट-अवर, वजन साडेसतरा किलोच्या आसपास.

सावजी_टॉर्क
१६एसला दुजोरा. एक गोष्ट लक्षात घ्या, तो ६७.२ व्होल्टचा आहे, म्हणजे १६ सेल एकामागे एक. कागदावर व्ही८एफचे ८४ व्होल्ट भारी वाटतात. पण १६एसला चार ओळी आहेत, व्ही८एफला दोन. ताशी २०-२५ च्या वापरात ओळींची संख्या व्होल्टेजपेक्षा जास्त कामी येते. ताशी ४० च्या वर जायचं असेल तर गणित उलटं, तिथं व्होल्टेज आधी.
इनमोशनचाच व्ही८एस मिळत असेल तर तोही चालेल. ७२८ वॉट-अवर, सेल मोठ्या आकाराचे, चाक हलकं आणि ओढून न्यायला ट्रॉलीचा दांडा. जिन्यांसाठी नाही, पण लांब व्हरांड्यात तो दांडा सोन्यासारखा.

उन्हाळी_पाखरू
सगळे वॉट मोजून राहिले, मे महिना कोणीच मोजला नाही बाप्पा.

लिथियम सेल साधारण ० ते ४५ अंशांत चार्ज करायचे असतात. हा आकडा सेलच्या तापमानाचा आहे, हवेच्या नाही. नागपुरात मेमध्ये दुपारी हवाच ४५ ला टेकते. चालवून आलेलं चाक आतून त्याहून गरम असतं. ते आल्या आल्या चार्जरला लावणं हा पॅक मारायचा सगळ्यात सोपा मार्ग. सावलीत, कूलरच्या खोलीत दोन तास राहू द्या आणि रात्री लावा. मात्र सगळे झोपल्यावर नाही. फरशीवर, पडदा-गादीपासून लांब, कोणीतरी जागं असताना.
पार्क केलेल्या गाडीच्या डिकीत चाक ठेवून बर्डीवर खरेदीला जाऊ नका. बंद डिकीचं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं.

मोटर आणि बोर्डाचंही (मोटर चालवणारं सर्किट) तेच. हळू वेगात, थांबत-निघत, चढावर मोटर सगळ्यात जास्त तापते, कारण प्रवाह जास्त आणि वारा कमी. ॲपमध्ये बोर्डाचं तापमान दिसतं, त्यावर नजर ठेवा. मर्यादेपाशी गेलं की चाक पेडलचं पुढचं टोक वर उचलून थांबायला सांगतं. तेव्हा थांबायचं, भांडायचं नाही. एप्रिल ते जून सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी सातनंतर. शिकणाऱ्याने तर नक्कीच, हेल्मेटच्या आत डोकं शिजतं.

रोज ८० टक्क्यांवर चार्जर काढा, पॅक जास्त टिकेल.

सावजी_टॉर्क
शेवटच्या ओळीला अर्धीच सहमती. ८० वर काढल्याने सेलचं आयुष्य वाढतं हे खरं. पण बहुतेक चाकांत एकामागे एक जोडलेल्या सेलगटांचं व्होल्टेज एकसारखं करायचं काम पॅक पूर्ण भरताना, अगदी शेवटी होतं. कायम ८० वर काढलंत तर गट हळूहळू एकमेकांपासून सुटतात आणि एक कमजोर गट सगळ्या पॅकला खाली ओढतो. आठ-दहा चार्जिंगमागे एकदा १०० पर्यंत भरा आणि हिरवा दिवा लागल्यावरही दोन तास राहू द्या. दोन-तीन आठवडे चालवणार नसाल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवा. रिकामा ठेवलेला पॅक पडून पडून मरतो.

आणि १०० टक्के भरलेलं चाक घेऊन सेमिनरी हिल्ससारख्या उतारावरून सुरुवात करू नका. ब्रेक लावताना मोटर वीज परत पॅकमध्ये ढकलते. भरलेल्या पॅकला ती घेता येत नाही, व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं आणि चाक आरडाओरडा करतं किंवा जोर सोडतं. आधी सपाटीवर किलोमीटर-दोन किलोमीटर, मग उतार.

नवखा_८२
१६एसवर मन बसत चाललं आहे. शिकायचं कसं? व्हिडिओत सगळे दहा मिनिटांत चालवताना दिसतात.

टाच_आणि_चवडा
दहा मिनिटं विसरा. रोज २०-३० मिनिटं, सात ते दहा दिवस. एका बैठकीत दोन तास करू नका, पाय थकले की चुकीची सवय लागते. मध्ये एक झोप झाली की शरीर आपोआप पुढे गेलेलं असतं.

जागा: डांबरी किंवा गुळगुळीत काँक्रीट, बारीक गिट्टी नको. गवतावर पडायला बरं वाटतं, पण गवत चाकाला धरतं आणि शिकणं दुप्पट अवघड होतं. सोसायटीचं रिकामं पार्किंग किंवा बास्केटबॉलचं कोर्ट उत्तम. एका बाजूला कमरेएवढी जाळी किंवा रेलिंग असली तर आणखी बरं.

चाकाची तयारी: दोन्ही बाजूंना जुनी योगा मॅट कापून पॅकिंग टेपने गुंडाळा. हवा जाण्याची भोकं आणि चार्जिंगचं झाकण उघडं ठेवा. ॲपमध्ये पेडल मध्यम ते कडक करा. अगदी मऊ पेडल नवख्याखाली झोपाळ्यासारखं हलतं. वेगाची मर्यादा १५.

पहिले दोन दिवस चालवायचंच नाही. ज्या पायावर तोल चांगला राहतो तो पेडलवर, घोटा पेडलच्या मधोमध, नडगीची आतली बाजू शेलला (चाकाच्या बाहेरच्या कवचाला) टेकलेली. दुसरा पाय जमिनीवर. आता चाक थोडं तुमच्या अंगाकडे कलू द्या. सगळे इथंच अडतात. चाक उभं सरळ ठेवून एका पायावर उभं राहता येत नाही, कारण वजन मध्यापासून बाहेर पडतं. कललं की तुमचं वजन टायरच्या बरोबर वर येतं. या अवस्थेत दुसऱ्या पायाने स्कूटरसारखं ढकलत, एक फूट, दोन फूट, पाच फूट. सलग तीन मीटर एका पायावर घसरता आलं की अर्धं काम झालं.

मग दुसरा पाय. तो ठेवताना खाली बघायचं नाही. कुठेही पडला तरी चालेल, चुकीच्या जागी पडला तर तसंच जा, पुढच्या खेपेला सुधारा. नजर १०-१५ मीटर पुढे. आणि निघताना घाबरून हळू जाऊ नका: ताशी ५ ला चाक डगमगतं, ८-१० ला आपोआप स्थिर होतं.

झुकायचं घोट्यापासून. कमरेतून वाकलात तर डोकं पुढे जातं, वजन मागेच राहतं. थांबायला खुर्चीवर बसल्यासारखं खाली आणि मागे, वजन टाचांवर. या ब्रेकचा सराव वेगळा करा. रोज वीस वेळा, आधी ताशी १० वरून, मग १५, मग २०. चालवता येणारे पुष्कळ असतात, थांबता येणारे कमी.

वेगात पाय थरथरून चाक डावी-उजवीकडे हलायला लागलं तर दोन्ही पायांनी आवळू नका. एका पायावर वजन टाका, हलकी नागमोडी घ्या, सावकाश वेग उतरवा. पहिल्या आठवड्यात तळपाय बधिर होतात, बोटं आवळली जातात म्हणून. दर दहा मिनिटांनी उतरा.

हँडलला बांधायचा पट्टा वापरायचा का, हे कोणी विचारेलच. चाक पडू नये म्हणून पहिले दोन-तीन दिवस हातात धरा, मनगटाला गुंडाळू नका. पडताना चाक गेलं पाहिजे, तुम्ही त्याच्यासोबत नाही.

बर्डीकर
संरक्षणाच्या सामानावर एक ओळ. मनगटाचे गार्ड सगळ्यात आधी, हेल्मेटच्या बरोबरीने. माणूस पुढेच पडतो आणि हात पुढे करतो. स्केटिंगवाले घेतात तसे, तळव्याला कडक प्लास्टिकची पट्टी असलेले घ्या. पट्टी जमिनीवर सरकते, कापडाची जागेवर अडकते आणि मनगट मोडतं. गुडघ्याला कडक वाटी. हेल्मेट आयएसआयचं, शक्यतो हनुवटी झाकणारं. बूट घोट्यापर्यंतचे आणि सपाट तळाचे.

काळी_माती
उचलताना हँडलखालचं बटण दाबून उचला. नाहीतर चाक हवेत सुसाट सुटतं आणि जवळच्याच्या पायजम्यात शिरतं. जिन्यात तर बंद करूनच.

नवखा_८२
नवं की वापरलेलं? १६एस वापरलेलं एक दिसून राहिलं.

सावजी_टॉर्क
वापरलेलं चालेल, पण पॅक तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याला सांगा, मी यायच्या आधी पूर्ण भरून ठेवा, चार्जर लावलेलाच राहू द्या.

६७.२ चा पॅक भरल्यावर ॲपमध्ये ६७ च्या आसपास दिसायला हवा. ६५ वर हिरवा दिवा लागत असेल तर कुठला तरी गट आधीच भरून बाकीच्यांना अडवतो आहे, किंवा चार्जर बिघडला आहे. विजेच्या दुकानातला साधा मल्टिमीटर नेऊन चार्जरचं व्होल्टेज वेगळं मोजा म्हणजे दोष कुणाचा ते कळेल.

मग पाच-सहा किलोमीटर मालकालाच चालवायला लावा. तुमच्या वजनाला ताशी २०-२५ ने किलोमीटरमागे १५ ते २० वॉट-अवर जातात. म्हणजे ८४० च्या पॅकमधून सहा किलोमीटरला ११-१४ टक्के. त्यात ३० टक्के गेले तर निरोप घ्या. जाहिरातीतली रेंज हलका माणूस, सपाट रस्ता आणि मंद वेग धरून काढलेली असते. तिचे ६०-७० टक्के धरा आणि शेवटचे २५ टक्के नाहीतच असं समजा.

चाक आडवं करून हाताने हलवा, बेअरिंगची खळखळ ऐका. पेडलचे कोपरे घासलेले असणारच, ती चिंतेची गोष्ट नाही. शेलच्या सांध्यातली माती आणि गंजलेले स्क्रू मात्र बघा. पाण्यातून गेलेलं चाक तिथं कळतं. पॅक कोणी उघडून 'सेल वाढवले' असं सांगत असेल तर फुकटही घेऊ नका.

नवं बाहेरून मागवणार असाल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या की किमतीत सीमाशुल्क धरलं आहे की नाही. पॅकच्या यूएन ३८.३ चाचणीचा (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठीची सुरक्षा चाचणी) कागदही मागा, बॅटरीचा माल त्यावाचून अडतो. 'कुणी परदेशातून येताना घेऊन येईल' हा मार्ग बंद. विमानात प्रवाशाला १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि इथं सगळ्यात छोटी ३२० ची आहे.

ट्यूबवाला
उशिरा आलो. पंक्चरचं कोणी बोललं नाही.

१६ बाय २.१२५ ही लहान मुलांच्या सायकलची मापं, ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. अडचण व्हॉल्व्हची. रिमच्या आत मोटर बसलेली, त्यामुळे सरळ व्हॉल्व्हला पंपाचं तोंड पोचत नाही. वाकड्या व्हॉल्व्हची ट्यूब किंवा वाकडा एक्स्टेन्शन घेऊन ठेवा, दोन नग. पंक्चरवाला चाक खोलताना मोटरची वायर ताणतो. शेल तुम्ही उघडा, प्रत्येक स्क्रूचा फोटो काढा, लांबी वेगवेगळी असते. वायरचा प्लग ओढताना प्लग धरा, वायर नाही.

हवा: ८२ किलोला या टायरमध्ये ४० ते ४५ पीएसआय. शिकताना ४० बरी, चाक थोडं संथ वळतं. ३० च्या खाली गेलात तर गट्टूंच्या कडेवर रिम ठेचते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. उन्हाळ्यात हवा सकाळी, चाक थंड असताना मोजा.

पावसाळ्यात ओला रस्ता चालतो, साचलेलं पाणी नाही. आयपी५५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलं असलं तरी ते फवाऱ्यापुरतं, बुडवण्यापुरतं नाही. आणि ओले गट्टू, शेवाळलेले असतील तर पायीच जा.

नवखा_८२
रविवारी वापरलेलं बघायला जातो. मल्टिमीटर घेतला. चार्जरचं व्होल्टेज मोजताना पिनांचा क्रम कसा ओळखायचा?

सावजी_टॉर्क
मीटर डीसीवर, २०० च्या रेंजवर. किंगसाँगचा प्लग गोल, पिना असलेला असतो. लाल-काळं उलटं लागलं तर आकड्यापुढे फक्त वजा दिसेल, काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन टोकं एकमेकांना टेकली तर. म्हणून टोकांना टेप गुंडाळून शेवटचे तीन-चार मिलिमीटरच उघडे ठेवा, आणि प्लग चाकातून काढल्यावरच मोजा.